गरड, बी. एच.

एकाच नावाची दोन माणसं वेगळी करणं हे ग्रंथालयातलं सगळ्यात किचकट काम. बाहेरच्यांना ते काम वाटतच नाही. पुस्तक काढायचं, शिक्का मारायचा, हातात द्यायचं, एवढंच त्यांना दिसतं. पण कुणी येऊन म्हणालं की अमुक माणसानं आजवर लिहिलेलं सगळं काढून द्या, की आमची खरी परीक्षा सुरू व्हायची. आमच्याकडं आजा गेला की नातवाला त्याचं नाव ठेवतात. आज्याला चार मुलगे असले तर चारही घरांत तेच नाव. ती पोरं शिकली, लिहायला लागली, आणि इंग्रजी नियतकालिकात त्यांचं लेखन छापून आलं की नावाची नुसती आद्याक्षरं उरायची. मग शोधत बसा, कोण कुणाचा.

मी उस्मानाबादेत कॉलेजच्या ग्रंथालयात लागले ती शहात्तर साली. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं. खेड्यातली माणसं तेव्हाही धाराशिवच म्हणायची, त्यामुळं माझ्या कानाला ते नवं वाटलंच नाही. माझं माहेर अणदूरचं. औरंगाबादला राहून ग्रंथालयशास्त्र शिकलेली आमच्या घरातली मी पहिली, आणि वडील, वीरप्पा त्यांचं नाव, गावात सगळ्यांना सांगत की आमची महादेवी पुस्तकांची तलाठी आहे. कुठलं पुस्तक कुणाच्या नावावर, हे ती सांगते. ते काही फार चूक नव्हतं.

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. दुपारी वाचनालयात फारसं कुणी नव्हतं. दारात दोन बायका उभ्या दिसल्या. दोघींनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर काढतात तशा. एक पन्नाशीची, धिप्पाड, जरीकाठी लुगडं. दुसरी तिच्याहून थोडी लहान, काटकुळी, डोळे भिरभिरते.

"हितं पुस्तकातली नावं हुडकून देत्यात म्हणं," थोरली म्हणाली.

"देतो की. आत या, मावशी. कुणाचं नाव शोधायचंय?"

"माझ्या ल्योकाचं."

"आन माझ्याबी," धाकटी म्हणाली.

मी कागद ओढला. "नाव सांगा."

थोरलीनं धाकटीकडं बघितलं, धाकटीनं वर पंख्याकडं.

"सांगा की."

"कसं सांगावं बाई," थोरली म्हणाली, "सासऱ्याचं नाव हाय."

"बरं. मग तुमच्या मुलाचं?" मी धाकटीला विचारलं.

"त्येच की. सासरा येकच हाय आमचा. जावा हाव आमी."

आमचा शिपाई व्यंकट कपाट पुसता पुसता फिस्सकन हसला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. "असू द्या. मुलांच्या वडलांची नावं सांगा."

हे आणखीच अवघड झालं. थोरली थोडा विचार करून म्हणाली, "हिच्या मालकाचं म्या घेते. हणमंत. धाकटा दीर हाय माझा, त्येला काय हुतंय."

"आणि तुमच्या मालकांचं?"

"हिला इचारा."

"म्या?" धाकटीनं जीभ चावली. "भासऱ्याचं नाव म्या घेऊ? अक्का, तुमी बी!"

शेवटी थोरलीनं बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. हिरवं गोंदण होतं, जुनं, कडा पसरलेलं. हिंमतराव. मी लिहून घेतलं. राहिलं सासऱ्याचं. ते कुठं गोंदलेलं नव्हतं.

"मारुतीचं नाव हाय," धाकटी म्हणाली.

"हनुमान?" व्यंकट.

"त्ये आमच्या मालकाचं झालं की रं!"

"बजरंग?"

"न्हाय. ताकदीचं."

"बलभीम," मी म्हणाले, आणि दोघींनी एकदमच पदर पुढं ओढला, जणू म्हातारा दारातून आत आला.

अशी मला ती दोन नावं मिळाली. बलभीम हिंमतराव गरड आणि बलभीम हणमंत गरड. थोरल्या जावेचं नाव धुरपदाबाई, धाकटीचं सारजाबाई. सासरा वारला त्याच वर्षी दोघींना दिवस गेलेले. धाकटीला आधी मुलगा झाला, तिनं आज्याचं नाव ठेवलं. दोन महिन्यांनी थोरलीला झाला, आणि ती म्हणाली की थोरल्या घराचा मान मी का सोडू? घरात ते नाव मोठ्यानं हाक मारायला चालणार नव्हतंच. म्हणून धुरपदाबाईंचा तो बापू आणि सारजाबाईंचा आबा. गावात, शाळेत, सगळीकडं बापू आणि आबाच.

दोघी आल्या होत्या परंडा तालुक्यातल्या सीनेकाठच्या एका गावाहून. घरी सांगितलं होतं, तुळजापूरला ओटी भरायला जातो. कशासाठी आल्या ते मग दोघींनी मिळून सांगितलं, एक सांगायची आणि दुसरी दुरुस्त करायची.

बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात नदीवरनं पाणी उचलायची सहकारी संस्था निघाली. नदीकाठी मोठी विहीर, मोटार, तिथून पाइपलाइन माळाकडं. हिंमतराव पहिल्यापासून चेअरमन. माणूस खटपट्या. मुंबईपर्यंत हेलपाटे घालून मंजुरी आणलेली. गेल्या महिन्यात ते कामासाठी उस्मानाबादला आले, तर कचेरीतल्या एका साहेबानं हसत हसत विचारलं, काय गरड, तुमच्या संस्थेवर तर गेल्या साली मोठ्या मासिकात लेख आलाय. पाणी चेअरमनच्याच उसाला जातं म्हणून लिहिलंय. आणि लिहिणारा तुमच्याच घरचा दिसतोय, बी. एच. गरड.

"त्या दिशी घरात कुणी जेवलं न्हाय," धुरपदाबाई म्हणाल्या. "ह्यांनी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, ज्यानं ह्ये लिवलं त्येनं ह्या घरात पाय ठिवायचा न्हाय. माझा आसू न्हायतर हणमंताचा."

"मुलांनाच विचारायचं होतं."

"इचारलं की. बापू म्हणला, म्याच लिवलंय."

"मग झालं की!"

"कुठलं झालं?" सारजाबाई पुढं झाल्या. "आबाला इचारलं तर त्योबी म्हणला, म्याच लिवलंय. येकमेकाला झाकायलेत ल्येकाचे. ल्हानपणी कैऱ्या चोरल्या तवाबी असंच. आन आता भावजी म्हणत्यात, खरा कोण त्ये कळंस्तोवर दोघांनीबी यायचं न्हाय. दिवाळी तोंडावर आली. दोन्ही पोरं बाहीर."

"म्हणून आलाव," धुरपदाबाई म्हणाल्या. "कुणाचं का आसंना, येकदा कळू द्या. येकाची तरी दिवाळी हुईल."

असं म्हणताना त्यांनी जावेकडं बघितलं नाही. जावेनंही त्यांच्याकडं बघितलं नाही. एकट्या येण्याऐवजी दोघी बरोबर का आल्या, ते मला तेव्हा कळलं. मागं राहिलेलीला झोप लागली नसती.

बापू राहुरीला शेतीचं अर्थशास्त्र शिकवायचा. आबा परभणीला, पिकांच्या लागवडीचं. दोघांनी शेतीचंच शिकलेलं, दोघं लिहिणारे. मी शेतीविषयक नियतकालिकांच्या सूचीचे जाड खंड काढले. त्यात लेखकांची नावं आडनावाप्रमाणं लावलेली असतात. आडनाव, पुढं आद्याक्षरं, खाली त्या माणसाचे लेख. आता नातवंडं हे एका बोटानं करतात. तेव्हा एकेक वर्षाचा खंड उघडायचा, बोट खाली खाली न्यायचं आणि चिठ्ठीवर उतरवून घ्यायचं. धुरपदाबाई माझ्या बोटाकडं असं बघत होत्या, जसं काही ते आता एखाद्या दारात जाऊन थांबणार आहे.

"सापडलं," मी म्हणाले. "गरड, बी. एच."

"कुणाचं?" दोघी एकदम.

"तेच तर. इथं दोघांचं एकत्र टाकलंय. सूची करणाऱ्याला वाटलं हा एकच माणूस आहे."

"येक कसा?" सारजाबाई चिडल्या. "दोन जित्ती पोरं हायत. दोन बाळंतपणं झाल्यात!"

मी एकेक लेख मराठीत करून सांगू लागले. ज्वारीच्या दोन ओळींत अंतर किती ठेवावं.

"आबाचं," सारजाबाई लगेच म्हणाल्या. "सुट्टीत आला की पट्टी घिऊन रानात बसायचा."

आठवडी बाजारातले कांद्याचे भाव.

"बापूचं," धुरपदाबाई. "बाजाराचा नाद हाय त्येला, बापावाणी."

करडईला खताची मात्रा आबाच्या पदरात पडली. शेळ्यांच्या बाजारपेठेवर थोडी ओढाताण झाली, कारण शेळ्या सारजाबाईंच्या होत्या. पण बाजार आला म्हणून शेवटी त्या बापूकडं गेल्या. टेबलावर माझ्या चिठ्ठ्यांच्या दोन ओळी लागल्या. आंब्याच्या आढीची वाटणी करावी तशा दोघी रंगून गेल्या होत्या. "माझ्यानं जास्ती लिवलंय," धुरपदाबाई म्हणाल्यासुद्धा. मग एक चिठ्ठी उरली. मी ती वाचली. सहकारी उपसा सिंचन, सीनाकाठच्या एका गावाचा अभ्यास.

वाटणी कुठल्या हिशेबानं चालली होती ते दोघींना ठाऊक होतं. पिकाचं ते आबाचं, संस्थेचं आणि बाजाराचं ते बापूचं. धुरपदाबाईंनी स्वतः हात पुढं करून ती चिठ्ठी आपल्या ओळीत ओढून घेतली.

"बापाच्या इज्जतीवर बापूच उठला म्हणायचा," त्या म्हणाल्या.

सारजाबाईंना हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण त्या म्हणाल्या, "आजून कुठं काय ठरलंय, अक्का. ही बाई म्हणली का तसं?"

मी म्हटलं नव्हतं, आणि म्हणणारही नव्हते. नुसत्या विषयावरून माणूस ठरवायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. लेखाच्या पहिल्या पानाच्या तळाशी लेखकाची नोकरी आणि पत्ता छापलेला असतो. तो पाहिल्याशिवाय बोलू नये. ते मासिक आमच्याकडं येत नव्हतं. सुदैवानं आमचे एक प्राध्यापक दुसऱ्याच दिवशी औरंगाबादला निघाले होते. तिथल्या मोठ्या ग्रंथालयाला मी विनंती लिहिली आणि दोघींना सांगितलं, पुढच्या सोमवारी या.

"सोमवारी घरी काय सांगायचं?" सारजाबाई जिना उतरताना म्हणाल्या. "आता कुठल्या देवीची ओटी काढायची?"

"सांगू, पिशवी इसरली देवळात," धुरपदाबाई म्हणाल्या.

प्राध्यापकांनी शनिवारी खंड आणून दिला. मी तो उघडला नाही. खरं सांगायचं तर दोनदा हात लावला आणि ठेवून दिला. माझं काम शोधून देण्याचं, आधी जाणून बसण्याचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मनातून मला त्या दोन चेहऱ्यांपैकी एक आधीच डोळ्यांपुढं आणायचा नव्हता.

सोमवारी दोघी आल्या. मी त्यांच्यासमोर खंड उघडला, अनुक्रमावरून पान काढलं. वर लेखाचं नाव. त्याखाली लेखकाचं. मी वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मग हसू यायला लागलं, ते दाबलं.

"कुणाचं?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"इथं बी. एच. गरड आणि बी. एच. गरड असं छापलंय, मावशी. दोन नावं आहेत. पहिल्यापुढं एक चांदणी, दुसऱ्यापुढं दोन. आणि खाली तळाला लिहिलंय, एक चांदणी राहुरी, दोन चांदण्या परभणी."

"म्हंजी?"

"म्हणजे दोघांनी मिळून लिहिलंय. सूची करणाऱ्याला वाटलं, छपाईच्या चुकीनं एकच नाव दोनदा पडलं. त्यानं एक गाळून टाकलं. तुमच्या त्या कचेरीतल्या साहेबांनाही तसंच वाटलं असेल."

सारजाबाईंना आधी कळलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि खांदे हलायला लागले. "खरं बोलत हुती की वो पोरं, अक्का! म्याच लिवलं, म्याच लिवलं. दोघंबी खरंच बोलत हुती!"

"दात काढू नगं," धुरपदाबाई म्हणाल्या. "येकाचं तरी घर ऱ्हायलं आसतं. आता दोघंबी गेली."

ते खरं होतं. सारजाबाई हसायच्या थांबल्या. येकाची तरी दिवाळी हुईल म्हणून त्या आल्या होत्या, आणि आता एकाचीही होणार नव्हती.

"काय लिवलंय त्येच्यात?" धुरपदाबाईंनी विचारलं. "सगळं वाचून सांगा."

लेख इंग्रजीत होता. मी सावकाश मराठीत करत गेले. गावाचं नाव नव्हतं, माणसांची नव्हती. संस्था कशी निघाली, किती सभासद, पाइपलाइन कुठून कुठवर. चेअरमननं मंजुरीसाठी किती खटपट केली, तेही लिहिलं होतं, आणि ते चांगल्या शब्दांत लिहिलं होतं. मग पुढं आलं की पाइपलाइनच्या टोकाला ज्यांची जमीन, त्यांत बहुतेक बौद्ध कुटुंबं. त्यांनी संस्थेचे शेअर घेतले, पाइप त्यांच्या बांधापर्यंत गेला, पाणी मात्र हंगामात एखाद्या वेळीच पोचलं. कारण वरच्या बाजूला ऊस वाढत गेला आणि मधला व्हॉल्व बंद राहू लागला. याच कुटुंबांतल्या माणसांनी त्या विहिरीचं खोदकाम केलं होतं, असं एक वाक्य होतं. फार साधं वाक्य. त्यात कुणाला बोल लावलेला नव्हता.

"सरूबाईचं रान टोकाला हाय," सारजाबाई हळूच म्हणाल्या. "बहात्तरला तलावाच्या कामावर म्या आन ती येका पाटीला. मोठ्या घरची सून म्हणून मला खडी फोडाया येईना, तर माझ्या वाटचीबी फोडून द्यायची. सुकडी मिळायची ती दोघी येका जागी बसून खायचाव."

धुरपदाबाई म्हणाल्या, "व्हॉल्वची चावी आमच्या देवळीत आस्ती. दिव्याशेजारी. रोज गडी येऊन मागतो आन म्याच काढून देते." आणि मग एकदम, "ह्ये पुस्तक न्येता यील का घरी?"

"नाही, मावशी. दुसरीकडून मागवलेलं आहे. इथंच बसून वाचायचं."

"मग त्यांनाच आणते हितं."

"अक्का!" सारजाबाई घाबरल्या.

"दुसऱ्याच्या तोंडून ऐकून एवढं रामायण केलं. येकदा खरं काय लिवलंय त्ये तरी ऐकू द्या."

मला वाटलं नव्हतं येतील. पण दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी हिंमतराव गरड ग्रंथालयात आले. उंच माणूस, पांढरा फेटा, धोतर. चपला त्यांनी काढल्या नाहीत. मागं धुरपदाबाई. सारजाबाई भासऱ्यासमोर यायच्या नाहीत म्हणून इतिहासाच्या कपाटामागं जाऊन उभ्या राहिल्या. पुस्तकांच्या फटीतून त्यांचा एक डोळा दिसत होता.

मी खुर्ची दिली. "बसा, मामा."

ते बसले, पानाकडं बघितलं आणि पान माझ्याकडं सरकवलं. "आमची शाळा निजामाच्या वक्ताची. उर्दू वाचतो, मोडी वाचतो. हे न्हाय येत. वाचा. एक अक्षर गाळायचं न्हाय."

मी वाचलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मंजुरीच्या खटपटीचं आलं तेव्हा म्हणाले, "तीन वर्सं न्हाय, चार." व्हॉल्वचं वाक्य आलं. तो बहुधा रात्री बंद केला जाई, असं लिहिलेलं.

"चूक हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, आता उठतात.

"रातीचा कशाला? चोर हाव का आमी? दिवसाढवळ्या बंद करत हुतो. सगळ्या गावाच्या देखत. कोण बोललं?"

धुरपदाबाई म्हणाल्या, "कोण बोलणार हुतं? तुमच्यापुढं?"

"तू गप."

"गपच हाय की. तीस वर्सं गप हाय. पोरं बोलली."

ते माझ्याकडं वळले. "आन ह्ये दोघांनी मिळून?"

मी त्यांना दोन नावं आणि चांदण्या दाखवल्या. बोट ठेवून दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, त्या अक्षरांच्या आकारात ओळखीचं काही सापडतंय का तसं.

"पुढं कुणाचं नाव हाय?"

"राहुरीचं. तुमच्या मुलाचं."

"हं," ते म्हणाले. मिशीवरनं हात फिरला. तो राग होता असं मी म्हणणार नाही.

कपाटामागून कुजबूज आली, "अक्का, इचारा म्हणावं, नाव सारखंच हाय तर पुढं-मागं कशावरनं?"

"सारजे, तू बी आलीस व्हय!" हिंमतराव मोठ्यानं म्हणाले. वाचणारी दोन-तीन पोरं माना वर करून बघू लागली. "सगळा मुलूखच गोळा केलाय हितं."

"भावजींना म्हणावं," कपाट म्हणालं, "येकाला घराबाहीर काढायचं म्हणला हुता. आता दोन निघाली. सबूद कसा पाळणार?"

हे मात्र खरोखर अडचणीचं होतं. आपल्या शब्दाला जागणारा म्हणूनच तो माणूस तालुक्यात ओळखला जायचा. ते काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले. बाहेर व्यंकट खिडक्या लावायला लागला होता. मी त्याला खुणेनं थांबवलं.

"सबूद ज्यानं लिवलं त्येच्यासाठी हुता," ते अखेर म्हणाले. "येकट्यानं लपून लिवलं आसतं तर म्या तोंड बघितलं नसतं. घरातली दोन पोरं येका ठिकाणी बसून बापाच्या चुका काढत्यात, तर ती घराची बैठक झाली. बाहीरच्याचं काम न्हाय त्ये."

धुरपदाबाईंनी कपाटाकडं बघितलं.

"दोघांनाबी येऊ द्या. पण माझ्यासमोर बसून वाचायचं. मराठीत. आन ऱ्हायलेलं सांगायचं. ह्ये चुकलं, त्ये चुकलं, सगळं लिवलंय. काय करायचं त्ये कुठंच लिवलं न्हाय. ही कसली पंडिती?"

"सरूबाईलाबी बोलवायचं ऐकायला," कपाट म्हणालं.

हिंमतरावांनी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उठले, फेटा सारखा केला आणि चालू लागले. जिन्यावरून त्यांचा आवाज येत राहिला, आणि त्याच्या मागून दोघींचा, आता एकदम.

दोन्ही पोरं दिवाळीला गेली की नाही ते मला महिनाभर कळलं नाही. तार करून बोलावलं असेल, इतकंच मी धरून चालले होते. दरम्यान मी आमच्यापुरत्या त्या सूचीच्या खंडात पेन्सिलीनं दोन नावं वेगळी लिहून ठेवली आणि चुकीबद्दल सूची छापणाऱ्यांना कळवलं. त्यांचं उत्तर कधी आलं नाही.

तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर सारजाबाई एकट्याच आल्या. हातात डबा, करंज्या आणि शेंगदाण्याचे लाडू.

"आली का मुलं?" मी डबा घ्यायच्या आधी विचारलं.

"आली!" त्या अशा म्हणाल्या की जणू तक्रारच होती. "पाडव्याला वाचलं समद्यांसमोर. सरूबाई आली, ओसरीवर बसली. भावजी प्रत्येक वाक्याला आडवे. दुपारी सुरू झालं ते दिवं लागंस्तोवर. चहा करून करून आमचा जीव गेला."

"मग ठरलं काही?"

"ठरतंय कुठं? दुसऱ्या दिशी सकाळी तिघंबी नदीवर. भावजी फुडं, ही दोघं मागं, पट्टी, फीत, वह्या. पाइपाच्या कडंनं चालायचं आन भांडायचं. व्हॉल्व हितं नगं, तिथं बसवा. ऊस इतका नगं. भावजी म्हणणार, मग कारखान्याला काय घालू? पाणी येकदा पोचलंय टोकाला. सरूबाईच्या हरभऱ्याला येक पाळी मिळाली. फुडच्याचं काय, त्ये देवाला ठावं." त्यांनी खुर्चीवर टेकून पाय वर घेतले. "आन ही पोरं घरी किती ऱ्हायली? सुट्टी वाढवून घेतली दोघांनी. आमी दोघी जावा चुलीम्होरं बसून वाट बघायचाव. जेवायला या म्हणून निरोप धाडला की उत्तर यायचं, आलो, एवढा येक सांधा बघून. करंज्या मऊ पडल्या, चिवड्याला वास लागला."

"पण आली ना घरी, मावशी."

"घरी कुठली?" सारजाबाई म्हणाल्या. "रानातच हुती की!"